आडनावापुढची रेघ

गुरुजी,

आपण गेलात त्याला इतकी वर्षे झाली की आपल्या निधनाची बातमी मला कोणी सांगितली, तेही आता आठवत नाही. आपण हयात असताना मी आपल्याला एकही पत्र लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही घडले नव्हते असे नाही, परंतु आपल्या हाती पत्र पडले की आपण आधी शुद्धलेखन तपासाल आणि मजकूर नंतर वाचाल, अशी मला भीती वाटे. आता ती भीती उरलेली नाही. आज आपण मला दिलेल्या एका वस्तूविषयी लिहायचे आहे. वस्तू म्हणजे माझे आडनाव. ते मी जन्मभर जपून वापरले आणि त्याला डाग लागू दिला नाही. गेल्या आठवड्यात मात्र माझ्या एकुलत्या एका नातीच्या नावातून ते काढून टाका, असे मी माझ्याच तोंडाने सांगितले. मिळालेली वस्तू हातची गेली तर देणाऱ्याला कळवावे, ही साधी रीत आहे. ती पाळण्यासाठी हे पत्र.

वडील मला शाळेत घालायला घेऊन आले तो दिवस मला स्वच्छ दिसतो. नामपूरच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर आपले गाव, आणि मारुतीच्या पारापलीकडे ती एका खोलीची शाळा. वडील पायरीखाली उभे आहेत, कारण पायरी चढायची की नाही हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. आपण आतूनच विचारता, मुलाचे नाव काय. ते सांगतात. आपण त्यांचे नाव विचारता, तेही ते सांगतात. मग आपण आडनाव विचारता आणि वडील खाली पाहतात. आम्हाला आडनाव नव्हते असे नाही. गाव आम्हाला ज्या नावाने हाक मारी ते आमच्या जातीचे नाव होते, आणि ती हाक आली की पाठोपाठ बहुधा एखादे काम सांगितले जाई. वडिलांनी तेच नाव हळू आवाजात सांगितले. आपण टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. टाकावरून एक थेंब पुन्हा दौतीत पडला. मग आपण गावाचे नाव लिहून त्याला ‘कर’ जोडलात आणि तयार झालेले आडनाव मोठ्याने वाचून दाखवलेत. वडिलांना वाचता येत नव्हते, पण त्यांनी सांगितलेले नाव मागे पडले आहे, एवढे त्यांना कळले. ते म्हणाले, “गुरुजी, पोऱ्या मनाच शे ना?”

पोरगा माझाच राहील ना, असे ते विचारत होते. आपण हसला नाहीत. “तुझाच आहे,” आपण म्हणालात, “पण कोणाचा, हे लोकांनी दर वेळी विचारू नये म्हणून लिहिलंय.” पुढे एकदा वर्गात आपण आडनाव या शब्दाची फोड सांगितलीत, की ज्याच्या आड माणूस उभा राहतो ते आडनाव. ती व्युत्पत्ती खरी नसावी, असे मला नंतर एका शिकलेल्या माणसाने सांगितले. मी त्याच्याशी वाद घातला नाही. आपण आम्हाला शिकवलेल्या सर्व गोष्टींत मला जन्मभर उपयोगी पडलेली गोष्ट तीच आहे.

घरी आल्यावर वडिलांनी ते आडनाव माझ्याकडून अनेकदा म्हणवून घेतले. शेवटी म्हणाले, “आते तुले गाव सोडनं पडी.” आईला वाटले, शाळेत काही अपराध घडला. त्यांचा अर्थ निराळा होता. गावात राहणाऱ्याला गावाचे आडनाव कशाला लागेल? तिथे तर सगळेच त्या गावचे. असे आडनाव गावाच्या शिवेबाहेर गेल्यावरच चालू लागते. वर्गातल्या मुलांना मात्र त्या दोन अक्षरांत आयती गंमत सापडली. एक जण म्हणे, “कर!” दुसरा विचारी, “काय कर?” आणि बाकीचे एका सुरात सांगत, “काम कर!” म्हणजे गावाने पुन्हा तेच केले, नाव घेतले आणि काम सांगितले. आपल्या कानावर ते गेले, तेव्हा आपण फळ्यावर आपले स्वतःचे आडनाव लिहिलेत. तेही ‘कर’नेच संपत होते. वर्ग चिडीचूप झाला. आपल्याला तो ‘कर’ पिढ्यान्‌पिढ्यांचा मिळाला होता, की आपल्यालाही कोणी एका सकाळी टाक थांबवून दिला होता, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. आज पडतो. विचारायला आता कोणी नाही.

आपली बोलणी मी एकदा खाल्ली, ती याच आडनावापायी. दुरेघी वहीच्या मुखपृष्ठावर नाव घालायचे होते. मी अक्षर मोठे काढले, त्यामुळे ओळ अपुरी पडली आणि शेवटचा ‘कर’ खालच्या ओळीवर एकटा जाऊन बसला. आपण वही वर धरून सर्व वर्गाला दाखवलीत. “हा कर कोणाचा? बेवारशी पडलाय इथं.” मुले हसली. मग आपण माझ्याजवळ येऊन वरच्या ओळीच्या टोकाशी बोट ठेवलेत. “आणि इथं शब्द मेला काय? मेला नसेल तर रेघ दे. वाचणाऱ्याला कळू दे, की अजून आहे, खाली आहे.” ती बारीक आडवी रेघ आपण माझा हात धरून काढवलीत. तिला संयोगचिन्ह म्हणतात. दोन शब्द जोडताना ते देतात आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिला तर देतात. हे दोन्ही नियम मी त्या दिवसापासून विसरलो नाही. पूर्णविराम कुठे द्यावा याविषयी मी कधीकधी चुकलो असेन, परंतु त्या रेघेविषयी कधीही नाही.

चौथीनंतर वडिलांनी म्हटल्याप्रमाणे गाव सुटले. दरम्यान आमची सगळी वस्ती बौद्ध झाली होती, वडिलांनी घरातले जुने देव नदीत सोडले होते आणि त्यांची मान थोडी वर आली होती. मी नाशिकला एका छापखान्यात आधी झाडलोट करायला आणि मग खिळे जुळवायला लागलो. शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळीत उलटे बसवायचे, हे ते काम. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, दुःखाची पत्रे असे सर्व काही मी जुळवले. लोकांची आडनावे हातातून जाताना मला त्यांची गावे, त्यांचे हुद्दे आणि त्यांच्या जाती शिशाच्या वजनासारख्या कळत. माझे आडनाव मात्र कोणाला चटकन कळत नसे. मालक पहिल्या दिवशी म्हणाले, “कर म्हणजे नेमके कोणते?” मी म्हणालो, “बागलाणातले.” त्यांनी गाव विचारले होते की दुसरे काही, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. तथापि मी दिलेले उत्तर खोटे नव्हते. आपण दिलेल्या आडनावाच्या आड मी असा उभा राहिलो. भाड्याची खोली मिळाली ती त्याच्याच आड. शेजारणीने पाण्याचा हंडा भरू दिला तोही त्याच्याच आड, आणि पुढे तिला कोणी सांगितल्यावर तिने हंडा घासून घेतला, तेव्हा ती आड किती पातळ आहे हेही समजले. मी ती खोली सोडली नाही. भाडे वेळेवर दिले, तिला रोज नमस्कार केला आणि माझे शुद्ध बोलणे एका अक्षरानेही सैल होऊ दिले नाही. माणसाला दुसरा कसला अभिमान परवडत नाही, तेव्हा तो भाषेचा धरतो.

मला एकच मुलगा झाला. त्याने हे आडनाव माझ्यासारखे आड धरून वापरले नाही. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत त्याला नोकरी लागली, तेव्हा कोणी विचारण्याआधीच तो आपण बौद्ध असल्याचे सांगून मोकळा होई. मी त्याला म्हणे, न विचारता सांगण्याची आवश्यकता काय? तो हसे आणि म्हणे, “बाबा, तुम्ही आडनावाला दार केलंय, मी खिडकी करतोय.” एका संध्याकाळी कामावरून परतताना रस्त्यावर एका मालमोटारीने त्याची दुचाकी उडवली. त्याविषयी मी अधिक लिहिणार नाही. माझी पत्नी त्याच्याआधीच गेली होती. तिच्या नशिबाने तिला ते पाहावे लागले नाही, असे लोक म्हणतात आणि मी मान हलवतो. दुःखाचे पत्र छापायला दिले, तेव्हा संगणकावर बसलेल्या मुलाने आडनावातला ‘कर’ तोडून खालच्या ओळीवर टाकला होता, रेघेशिवाय. माझा मुलगा मेला होता, गुरुजी, आणि मी त्या पोराला म्हणालो, “इथे रेघ हवी.” त्याने रेघ दिली.

सून आणि नात माझ्यापाशीच राहिल्या. सून पदवीधर आहे, एका खासगी दवाखान्यात हिशेबाचे काम पाहते. तिने पुन्हा लग्न करावे, हे मी स्वतः सुचवले. सुचवताना ते माझ्या मनातून येत आहे याची मला खात्री होती. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका गृहस्थाने तिला मागणी घातली. तो सिन्नरकडच्या शेतकरी मराठा घरातला, पहिली पत्नी आजाराने गेलेली, मूल नाही. माणूस सरळ आहे. माझ्यासमोर बसताना अजूनही पाय मिटून घेतो. त्याची आई शेतावरची बाई, मोठ्याने बोलते आणि माझ्या नातीची वेणी स्वतः घालते. तिनेही पहिल्या भेटीत मला तेच विचारले, “अण्णा, कर म्हंजी कोनते म्हनायचे?” या वेळी मी बागलाणातले म्हणालो नाही. मुलगा नसताना त्याची खिडकी मी लावून घेणे बरे दिसले नसते. मी म्हणालो, “बौद्ध.” तिने कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “बरं. चहा घ्या, गार व्हतोय.” लग्न झाले, आणि सून व नात तिकडे राहायला गेल्या.

गेल्या रविवारी सून, नात आणि सुनेची नवी सासू अशा तिघी माझ्याकडे आल्या. नातीला आता पहिलीत घालायचे आहे आणि शाळेत नाव कसे द्यायचे, हा प्रश्न होता. सुनेने एका दमात सांगितले, जणू येताना पाठ केले होते. मधे वडिलांचे नाव न लावता आईचे, म्हणजे तिचे स्वतःचे, लावायचे. हल्ली तसे चालते. शेवटी दोन्ही आडनावे, आधी आमचे, मग रेघ, मग त्यांचे. नवऱ्याची हरकत नाही. वकील कागदपत्रे करून देईल. मी ऐकत होतो आणि मनात खिळे जुळवत होतो. मधले नाव तिचे, म्हणजे माझ्या मुलाचे नाव त्या मुलीच्या नावात राहणार नाही. त्याचे म्हणून जे काही उरेल ते रेघेच्या डाव्या बाजूला.

विहीणबाई पहिल्यांदा थट्टेवारी बोलल्या. “येवढं लांब नाव, हजेरी घेता घेता बाई दमतील. पोरगी हजर म्हनंपर्यंत सुट्टी व्हईल.” नातीला ते आवडले, ती हसली. मग त्यांनी तिला पाणी आणायला आत पाठवले आणि आवाज खाली आणला. “अण्णा, राग मानू नका. येकच ऱ्हाऊ द्या. आमचं. गावाकडं जागरणाला नेलती हिला. तिथं येक म्हातारी म्हनली, नाव काय गं. हिनं तुमच्या आडनावासकट ठसक्यात सांगितलं. म्हातारी म्हनली, म्हंजी कोनाची तू? तर ही म्हनली, माझ्या बाबांची.” विहीणबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिले. “समदे हसले. मला नाय हसू आलं. दोन आडनावं लावली का ह्ये जन्मभर विचारत्यात बघा. येक असलं का कोन विचारतं?”

सून लगेच म्हणाली, “विचारू देत. आता लपायचे दिवस नाहीत, आई.” विहीणबाई म्हणाल्या, “तू नको लपू. ती सहा वर्साची हे.” त्यावर दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी उत्तर देणार होतो, व्यवस्थित, दोन्ही बाजू तोलून, मला बोलता येते तसे. त्याऐवजी माझ्या तोंडून निघाले, “पोर आमचीच राहील ना?” ते बोलल्यावर मी स्वतः दचकलो. ते वाक्य माझे नव्हते. पायरीखाली उभ्या असलेल्या माणसाचे ते वाक्य होते आणि मी ते शुद्ध मराठीत म्हटले होते, इतकाच फरक. सून म्हणाली, “बाबा, म्हणून तर मी रेघ मागतेय.” निघताना तिने सांगितले, तुम्ही म्हणाल तसे होईल. तिने हे आदराने म्हटले. जड वस्तू माणूस आदरानेच दुसऱ्याच्या हातात देतो.

तीन दिवस मी विचार केला, असे मी कोणाला सांगितले असते तर ते ऐकायला बरे वाटले असते. खरे म्हणजे विचार विहीणबाई बोलत होत्या तेव्हाच संपला होता. वडिलांनी आपल्याला तो एक प्रश्न विचारला आणि उत्तर मिळताच ते पायरीपासून मागे सरले. स्वतःचे नाव स्वतःच्या पोराच्या अंगावरून उतरताना त्यांनी पाहिले, आणि ज्या नावामागे त्यांना स्वतःला कधी उभे राहता येणार नव्हते ते माझ्या तोंडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. तेव्हा मला वाटले होते, त्यांना ते आवडले आहे. मी त्यांच्यापेक्षा थोर नाही. मी दिलेली आड पातळ आहे, त्या घरची जाड आहे. मुलगा असता तर त्याने मला पुन्हा दारे-खिडक्यांचे ऐकवले असते, आणि त्याचे बरोबर असते. तो नाही. मुलीला उद्या वर्गात कोणीतरी विचारणार, कोणाची तू, आणि तेव्हा आपल्यासारखे फळ्यावर माझे आडनाव लिहून कोणाला गप्प करायला मी तिथे नसेन.

मी सुनेला फोन केला आणि एकच आडनाव ठेवा, त्यांचे, असे सांगितले. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग तिने विचारले, “मनापासून सांगताय, बाबा?” मी मनाविषयी काही म्हणालो नाही. मी म्हणालो, “मनाचा प्रश्न नाही. दोन आडनावांमध्ये अशी रेघ देता येत नाही. व्याकरणात बसत नाही.” ती पदवीधर आहे, परंतु भाषेच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझा, हे ती पहिल्यापासून मानत आली आहे. “बरं,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणता तर नसेल बसत.” तिने ते खरे मानले की मला सांभाळून घेतले, हे तिच्या आवाजावरून कळले नाही. काल तिने कळवले, नाव दिले. विहीणबाईंनी शाळेच्या दारात पेढे वाटले. नातीने फोनवर मला तिचे नवे नाव पूर्ण म्हणून दाखवले आणि विचारले, “बरोबर म्हटलं का, आजोबा?” उच्चार स्वच्छ होता. मी तिला शाबास म्हणालो आणि आणखी एकदा म्हणायला लावले.

गुरुजी, रेघ व्याकरणात बसत होती. दोन शब्द जोडताना देतात आणि शब्द ओळीत मावला नाही तरीही देतात, हे आपण हात धरून शिकवलेत आणि ते मला माहीत होते. भाषेविषयी मी जन्मात सांगितलेले हे एकच खोटे, आणि ते मी आपल्या जिवावर सांगितले.

हे पत्र टपालात जाणार नाही, वहीतच राहील. शेवटी सही केली आहे. आपण दिलेले आडनाव ओळीच्या टोकाला आले, पण पूर्ण मावले, ‘कर’सकट. त्यामुळे तिथे पूर्णविराम द्यायला हवा होता. मी रेघ दिली आहे. खालची ओळ कोरी आहे. आपण पाहिले असते तर ही चूक म्हणून तांबड्या शाईने खूण केली असती, आणि आपले बरोबर ठरले असते. मला मात्र ती खोडवत नाही.